बसलं की पों

आमच्या घरी नाताळच्या भेटी कागदात गुंडाळून कधीच मिळाल्या नाहीत. त्या शिवून मिळायच्या. बाबा सोफे, खुर्च्या, गाद्या शिवायचे आणि कागद त्यांच्या लेखी अगदीच कुचकामी होता. "फाडला की संपला, त्यात कसली मजा?" असं म्हणायचे. दुकानात उरलेले कापडाचे तुकडे वर्षभर एका पोत्यात जमायचे. त्यातला एकेक निवडून बाबा त्यात आमची भेट ठेवायचे आणि चारी बाजूंनी शिवून टाकायचे. नाताळच्या सकाळी आम्हा तिघा भावंडांच्या हातात एकेक गाठोडं पडायचं आणि टाके उसवायला एकेक बोथट सुरी. कात्री लावायची नाही, हा नियम. जो कात्री लावेल त्याला केक सगळ्यात शेवटी.

एका वर्षी जांभळ्या मखमलीतून लाकडी मुठींची उड्या मारायची दोरी निघाली. ती मखमल नाटकाच्या थिएटरातल्या खुर्च्यांची होती आणि पुढे तिचा मी बाहुलीला झगा केला. एका वर्षी निळ्या पट्ट्यांच्या जाड कापडातून रंगपेटी निघाली. बाहेरून चाचपून मला वाटलं पाटी आहे, आणि अर्धे टाके मी रडत रडतच उसवले. तेव्हा बोटांना जी शिवशिव व्हायची ती विचारू नका. आज ते दुकान मी चालवते. दिवसभर टाके घालते, उसवते, पण ती शिवशिव परत कधी झाली नाही. ती नाताळचीच होती.

मी मधली. घरात मला नावाने हाक कमीच, "ए मधले" हीच जास्त. मधलं असण्याचं दुःख ज्यांना नाही त्यांना ते कळायचं नाही आणि ज्यांना आहे त्यांना सांगायला नको. ताईचा फ्रॉक, ताईचं दप्तर, ताईचे बूट, तेही पुढे कापूस कोंबून. माझ्यापर्यंत येईतो वस्तू कशीबशी जीव धरून असायची, माझ्यानंतर तिची पार वाट लागायची. म्हणून काय, तर धाकट्याला नवीन! हा न्याय मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. धाकटा आता टक्कल पडलेला गृहस्थ आहे, तरी नवेकोरे बूट घालून समोर आला की माझं डोकं फिरतं.

नाताळची भेट तेवढी कोणाची उतरलेली नसायची. वर्षातून एकच वस्तू अशी यायची की जिच्यावर पहिला हात माझा. म्हणून नाताळची वाट मी जितकी बघायचे तितकी ताई आणि धाकटा मिळूनही बघत नसतील.

त्या वर्षी ताईची सायकल माझ्याकडे आली होती. चालायची बरी, पण तिची घंटी इतकी गंजलेली की वाजवली तर कोणीतरी शिंकल्यासारखं वाटायचं. गल्लीतली पोरं घंटी ऐकून बाजूला व्हायच्याऐवजी "जपून हं, सर्दी होईल" म्हणायची. आणि तेव्हाच कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानात तो भोंगा लटकला. पितळी, एक वेटोळं घेतलेला, मागे लालभडक रबरी फुगा. फुगा दाबला की पों. तो वाजतो कसा हे मला सायकलवाल्याने तोंडाने करून दाखवलं, कारण भोंगा पारदर्शक पिशवीत बंद होता.

"हात लावायचा नाही," तो म्हणाला. "कारखान्यातून असाच आलाय. ज्याचा असेल त्यानेच पिशवी फोडायची."

हे ऐकल्यावर तर माझी झोपच उडाली. अख्ख्या जगात ज्याला अजून कोणी दाबलेलं नाही असा भोंगा! घरी मी काही थेट मागितलं नाही, पण जेवताना, आंघोळ करताना, अभ्यास करताना पों पों करत राहिले. आईने शेवटी कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "कळलं गं बाई, कळलं."

नाताळच्या आधीच्या आठवड्यात एके दिवशी खुंटी रिकामी दिसली.

"भोंगा कुठे गेला?"

"गेला," सायकलवाला पंक्चर काढता काढता म्हणाला.

"कोणी नेला?"

"गिऱ्हाइकाने." आणि त्याने मान जी खाली घातली ती वर काढलीच नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तेच. मी सायकल पिटाळत घरी आले आणि शोधाला लागले.

शोधण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. दोरी मी आईच्या ट्रंकेत आधीच पाहून ठेवली होती आणि रंगपेटीच्या वर्षी तर माळ्यावरच्या घागरीतलं गाठोडं चाचपून आले होते, पाटी समजून का होईना. या वेळी मात्र घर पालथं घातलं तरी काही हाती लागेना. पिठाचा डबा, गाद्यांची चळत, दुकानातली काथ्याची पोती, काही म्हणजे काही सोडलं नाही. थकून मी दुकानात जाऊन बसायचे. तिथे एक मोठा हिरवा रेक्झिनचा सोफा आडवा करून ठेवलेला होता. त्याच्या पाठीला पाठ लावून मी गणितं सोडवायचे आणि भोंगा कुठे असेल याचा विचार करायचे. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

कारण भोंगा त्या सोफ्यातच होता.

सोफा दातांच्या डॉक्टरांचा, त्यांच्या दवाखान्यात रोग्यांनी थांबायच्या खोलीसाठी केलेला. तिथे रंगाचं काम चाललं होतं म्हणून तो नाताळनंतर पोचवायचा होता. बाबांनी विचार केला, ही पोरगी सगळं उचकते, पण गिऱ्हाइकाचा शिवून झालेला सोफा काही उसवायची नाही. त्यांनी सोफा आडवा केला, एका कोपऱ्यात स्प्रिंगांच्या मध्ये भोंगा पिशवीसकट बसवला, भोवती काथ्या दाबला आणि बुडाचं काळं कापड चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून पूर्ववत केलं. नाताळच्या आदल्या दिवशी काढायचा, रात्री शिवायचा, असा बेत होता.

बाबांच्या कुठल्याही बेतात एक छिद्र असायचं आणि त्या छिद्राचं नाव काका.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांच्याकडे तीन चाकी टेम्पो होता आणि दुकानातला माल पोचवायचं काम त्यांचं. माणूस सोन्यासारखा, पण घाई अशी की गरम चहासुद्धा उभ्यानेच घशात ओतायचे. नाताळच्या दोन दिवस आधी दुपारी बाबा स्प्रिंगा आणायला बाजारात गेले होते. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला की रंग वाळला, सोफा लवकर मिळाला तर बरं. काकांना तेवढंच पुरलं. "दादाला खूश करतो बघ," म्हणाले, शेजारच्या सुताराला हाताला धरून आणलं आणि दोघांनी सोफा उचलला. दार कोणी उघडून धरलं? मी. "जपून काका, दाराला घासेल," असंही वर म्हणाले.

वाटेत प्रत्येक खड्ड्याला पों वाजत होतं. काकांना वाटलं टेम्पोचा हॉर्न बिघडला. आधी त्यांनी हॉर्नवर दोन बुक्क्या मारल्या, मग गाडी थांबवून त्याची वायर काढून टाकली. पुढच्या खड्ड्याला परत पों. वायर नसलेला हॉर्न वाजतो म्हटल्यावर काका जरा घाबरले, पण थांबतील ते काका कसले!

बाबा परत आले आणि रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले.

"सोफा?"

"पोचवला!" काका छाती काढून म्हणाले. "म्हटलं, दादा येईपर्यंत काम फत्ते. शाबासकी दे."

बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली आणि ते तडक आत गेले. मग आईशी कुजबुज. आईचं आधी "अगंबाई" ऐकू आलं आणि मग तोंडावर हात दाबून हसणं. मला वास लागला, पण कशाचा ते कळेना. बाबा सायंकाळी दवाखान्यात जाऊन आले तर दार बंद. उद्या सकाळी जातो, असं ते आईला म्हणाले.

पण सकाळी डॉक्टरच दुकानात आले.

हे डॉक्टर म्हणजे उंच, शिडशिडीत, कडक इस्त्रीचे. दिवसभर दुसऱ्यांचे दात काढायचे, पण स्वतः कधी दात काढल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मी दुकानात चुकांचा डबा निवडत बसले होते.

"मिस्त्री," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या सोफ्यातून आवाज येतो."

"नवीन स्प्रिंग असते साहेब, कुरकुरते थोडी," बाबा घाईघाईने म्हणाले आणि डोळ्यांनी माझ्याकडे खुणावू लागले. "चला, दवाखान्यातच बघू."

"कुरकुर नाही हो. काल दुपारीच मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या. त्या बसल्या आणि... आवाज झाला. खोली भरलेली होती. त्यांचा चेहरा माझ्याने बघवेना."

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका! मी डबा खाली ठेवला. "कसला आवाज?"

"मधले, तू आत जा," बाबा म्हणाले.

"पण कसला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, टायची गाठ नीट केली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "पों."

मला एका क्षणात सगळं कळलं. रिकामी खुंटी, सायकलवाल्याची मान, बाबांचा उतरलेला चेहरा, आईचं हसणं. आनंद व्हायला हवा होता. भोंगा माझ्यासाठीच घेतला होता! पण मी भोकाड पसरलं.

"काय झालं गं?" बाबा खाली वाकले.

"माझा होता ना तो? नवा होता ना? आणि आता सगळ्या गावाने वाजवला! माझ्याआधी! मुख्याध्यापिकाबाईंनीसुद्धा!" मला हुंदके आवरेनात. "म्हणजे परत जुनाच मिळाला मला! ताईचा तरी एकटीचा असतो, हा तर सगळ्यांचा!"

टाके घालणं सोपं, असल्या रडण्यावर काय घालणार? बाबांनी माझे डोळे पुसले, हातोडी आणि चिमटा पिशवीत टाकला आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर. तुझी वस्तू आहे, तुझ्यासमोर काढतो."

दवाखान्यात पोचलो तर खोली खच्चून भरलेली. त्या दिवशी गावात एवढे दात कोणाचे दुखत होते कोण जाणे! निम्मे लोक नुसतेच आले होते. सोफ्याचा तो कोपरा मात्र रिकामा ठेवलेला, आणि दारातून कोणी अजाण माणूस आला की सगळे सरकून त्याला तिथेच बसायला जागा दाखवायचे. आमच्यासमोरच एक जाडजूड वकीलसाहेब आले, "नमस्कार, नमस्कार" करत टेकले आणि पोंऽऽ! असा लांबलचक, भारदस्त आवाज झाला की मदतनीस बाई हातातला ट्रे ठेवून भिंतीला टेकून हसायला लागल्या. वकीलसाहेब उठले तर परत एक बारीकसं पों, हवा आत जाताना.

आणि खिडकीपाशी, आईच्या मांडीवर गाल सुजलेली एक चिमुरडी होती. ती इतकी हसत होती की तिचा किडका दात सगळ्यांना दिसला. "आल्यापासून रडत होती," तिची आई म्हणाली. "आता घरी जायचं नाव घेत नाही."

मला मुळीच हसू आलं नाही. मी दातओठ खात उभी होते.

बाबांनी सगळ्यांना उठवलं, काकांना हाक मारली. काका अपराधी चेहऱ्याने टेम्पो घेऊन आमच्या मागोमाग आलेच होते. दोघांनी सोफा आडवा केला. बाबांनी चिमट्याने एकेक चूक उपटली, काळं कापड दुमडून धरलं, आत हात घातला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मग हात बाहेर काढला, खिशातला रुमाल झटकून बोटांना गुंडाळला आणि त्या रुमालाने भोंगा अलगद बाहेर काढला.

पिशवी एका बाजूला जराशी चुरगळली होती. पण फाटलेली नव्हती. तोंडाशी कारखान्याची टाचणी तशीच्या तशी. आत पितळ झगझगत होतं.

"अरे वा, बघू बघू!" काकांनी हात पुढे केला.

"हात नको," बाबा म्हणाले.

"मी नुसतं..." डॉक्टरांचंही बोट पुढे आलं होतं.

"हात नको साहेब. कोणीच नको." बाबा गिऱ्हाइकाशी एवढ्या चढ्या आवाजात बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. मग मला म्हणाले, "मधले, नीट बघ. एवढे जण याच्यावर बसले, पण हात एकाचाही लागलेला नाही. पिशवीसुद्धा फुटली नाही. सांग, नवा की जुना?"

मी पिशवी चारी बाजूंनी नीट निरखली. सोपी नव्हते मी. टाचणी मोजून पाहिल्यासारखी पाहिली. शेवटी नाक ओढून म्हटलं, "नवा."

खोलीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीपाशी मात्र त्या चिमुरडीचा ओठ बाहेर आला आणि तिने रडायला सुरुवात केली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"मिस्त्री, हा भोंगा इथेच राहू द्या ना. माझ्याकडे येणारं पोर पहिल्यांदाच हसलंय. तुमच्या मुलीला दुसरा घ्या."

बाबा सोफ्यावरची धूळ झटकत म्हणाले, "वस्तू माझी नाही साहेब. तिची आहे. तिला विचारा."

तोवर मला कधी कोणी काही विचारलेलं नव्हतं. वस्तू मिळायची आणि वस्तू जायची, मधलीला विचारायची पद्धतच नव्हती. आणि आता इस्त्रीचे एवढे मोठे डॉक्टर गुडघे वाकवून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "देशील का?"

अशा वेळी गोष्टीतल्या मुली हो म्हणतात. मी गोष्टीतली नव्हते.

"नाही," मी म्हटलं.

कोणीतरी "अगं" म्हणालं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले आणि मग, मी शपथेवर सांगते, त्यांनी दात काढले. वरचे, खालचे, सगळे. चांगले होते हो दात! "बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही दिला नसता. मिस्त्री, मग मला एक मुलांसाठी स्टूल करून द्या. बसलं की पों."

"परवा देतो," बाबा म्हणाले, आणि काका त्या चिमुरडीला टेम्पोचा हॉर्न वाजवून दाखवायला बाहेर घेऊन गेले. वायर काढलेली आहे हे त्यांच्या तिथे जाऊन लक्षात आलं, तेव्हा त्यांनी तोंडानेच पों केलं. तिला तेही चाललं. ते स्टूल पुढे दवाखान्यात कायम राहिलं. डॉक्टरांच्या जागी आता त्यांची सून बसते. दर काही वर्षांनी ते स्टूल माझ्याकडे येतं, मी नवं रेक्झिन चढवते, आत नवा फुगा बसवते आणि स्वतः बसून वाजतंय की नाही ते बघते. एकदा बघून भागत नाही, हे कबूल करते.

नाताळच्या सकाळी भोंगा मला शिवूनच मिळाला. सगळं माहीत असताना कशाला शिवायचं, असं ताई म्हणाली, पण बाबांनी ऐकलं नाही. त्याच सोफ्यातलं उरलेलं हिरवं रेक्झिन आणि टाके इतके बारीक की सुरीचं टोक शिरेना. ताईची भेट उघडून झाली, धाकट्याची झाली, केक कापून झाला, तरी मी आपली टाका टाका उसवतच होते. कोणी घाई केली नाही. आईने केकचा घास माझ्या तोंडात भरवला, कारण माझे हात मोकळे नव्हते.

शेवटचा टाका सुटला. मी टाचणी काढली, पिशवी उघडली आणि आत हात घातला. पितळ गार लागलं. लाल फुगा ताठ, नव्या रबराचा वास असलेला. मी डोळे मिटून तो दाबला.

पों!

असा खणखणीत आवाज की शेजारच्या सुताराने भिंतीवर ठोकून "मेरी ख्रिसमस" म्हणून ओरडून सांगितलं. मी आणखी वाजवला. घरभर वाजवला, दुकानात वाजवला, सायकलवर चढून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवला आणि पोरं पटापट बाजूला झाली. सायकलवाला दारात येऊन हात हलवत होता.

परत आले तर धाकटा पायरीवर बसला होता. त्याला मिळालेली नवीकोरी आगगाडी त्याने बाजूला ठेवली होती. सकाळपासून तो माझ्या मागेमागे होता, पण आदल्या दिवशी दवाखान्यातलं "हात नको" त्याच्याही कानावर आलं होतं, म्हणून मागत नव्हता. नुसता बघत होता.

मी भोंगा आणखी एकदा वाजवला, फ्रॉकला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"घे," म्हटलं. "माझा वाजवून झालाय."

त्याने दोन्ही हातांनी धरला. त्याच्या आयुष्यातली ती पहिली वापरलेली वस्तू.